तीन वर्षांचे अनुदान, वीस वर्षांचा आजार

प्रति,
मज्जाऱ्हासाच्या (अल्झायमरसारख्या, मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजवणाऱ्या आजारांच्या) संशोधनाला अनुदान देणाऱ्या आणि त्या क्षेत्रातल्या नेमणुका-बढत्या ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

अल्झायमरवरच्या प्रत्येक प्रपोजलला शेवटी एक तक्ता जोडलेला असतो. पहिल्या वर्षी काय, दुसऱ्या वर्षी काय, तिसऱ्या वर्षाअखेर किती पेपर. आपण तो तपासता, आम्ही तो भरतो, आणि भरताना आम्हाला पक्के ठाऊक असते की त्यातल्या तारखांपर्यंत आमचे उंदीर म्हातारे झालेले नसतील. आमचे मागणे एकच आहे: हा आजार ज्या गतीने चालतो तिच्याशी अनुदानाची आणि माणसांच्या मूल्यमापनाची मुदत जुळवा. ती न जुळल्याने काय काय बिघडते, ते इथे तपशिलात मांडतो आहोत.

आधी आजाराची गती. ज्या कुटुंबांत एका जनुकातल्या बदलामुळे ऐन चाळिशी-पन्नाशीत अल्झायमर होतो, त्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू होण्याच्या अंदाजे २५ वर्षे आधीच पाठीतल्या पाण्यातले (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातले) अमायलॉइड बीटा ४२ हे प्रथिन घटू लागते आणि १५ वर्षे आधी मेंदूच्या पेट स्कॅनवर अमायलॉइडचे थर दिसू लागतात, असे त्यात आढळले. म्हणजे विसरभोळेपणाची पहिली तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा आत चाललेली प्रक्रिया जुनी झालेली असते. तिचे मूळ शोधायचे तर म्हातारपण यावे लागते, माणसातही आणि उंदरातही. त्याला आडवाट नाही.

आता उंदरांचा हिशेब मांडू. प्रश्न अगदी साधा घ्या: मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशींमधले एखादे जनुक बंद केले, तर अमायलॉइड साठवणाऱ्या उंदराच्या मेंदूतले प्लाक, म्हणजे अमायलॉइडचे साठे, घटतात का आणि त्याची स्मृती टिकते का? यासाठी दोन वाणांचा संकर करावा लागतो. पहिल्या पिढीत सगळ्या पिल्लांत त्या जनुकाची एकच प्रत बंद असते, आणि अमायलॉइडचे जनुक निम्म्यांत येते. त्यांचा पुन्हा संकर केला की दुसऱ्या पिढीत हवे ते चार गट मिळतात (जनुक पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, आणि दोन्हींत अमायलॉइडसह किंवा त्याविना), पण प्रत्येक गट एकूण पिल्लांच्या जेमतेम एक अष्टमांश. गटागणिक १५ नर आणि १५ माद्या हव्या असतील, तर सरासरीने २४० पिल्ले जगून दूध तोडण्याच्या वयाला यायला हवीत. एका वेतात सहा पिल्ले धरली तर ४० वेत झाले. गर्भारपण सुमारे २० दिवसांचे, दूध तोडायला आणखी २१ दिवस, वयात यायला सहा ते आठ आठवडे. एका पिढीला तीन महिने धरा, दोन पिढ्यांना सहा. नैतिक समितीची मंजुरी, उंदरांचे आगमन आणि विलगीकरण यांत त्याआधीचे चार महिने गेलेले असतात. मग बारा महिने वय होईपर्यंत नुसते सांभाळायचे. त्यानंतर दोन महिने वर्तनाच्या चाचण्या, आणि मेंदू काढणे, सेक्शन कापणे, स्टेनिंग, मोजणी यांना सहा महिने. बेरीज ३० महिने. वय बाराऐवजी अठरा महिने ठेवले, आणि प्रश्न वार्धक्याचा असेल तर ठेवायलाच हवे, की ३६ महिने पुरे झाले आणि पेपरची एक ओळही लिहिलेली नाही. वय वाढताना काही उंदीर मरतात, तो तोटा यात धरलेलाच नाही.

आणि आपला प्रगती अहवाल बाराव्या महिन्याला मागितला जातो. तेव्हा आमच्याकडे पिंजरे, जनुकतपासणीच्या नोंदी आणि दोन महिन्यांची पिल्ले असतात.

अशा वेळी माणूस काय करतो? लवकर आजारी पडणारा उंदीर निवडतो. पाच उत्परिवर्तने, म्हणजे आजार आणणारे जनुकांतले बदल, एकत्र घातलेल्या वाणात दोन महिन्यांच्या वयातच प्लाक दिसू लागतात. तो वाण वाईट नाही, अमायलॉइडभोवती मायक्रोग्लिया कसे गोळा होतात हे पाहायला तो उत्तम आहे. पण ती पाचही उत्परिवर्तने एकाच माणसात कधीच नसतात, आणि अल्झायमरच्या बहुसंख्य रुग्णांत त्यांतले एकही नसते. अल्झायमरमध्ये चेतापेशींत दिसणाऱ्या, टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठीही त्या उंदराच्या मेंदूत तयार होत नाहीत. दोन महिन्यांचा उंदीर म्हणजे ऐन तारुण्यातला प्राणी. त्याच्यात जे औषध चालते ते पंचाहत्तरीच्या मेंदूत चालेल, असे मानण्याला आधार फार थोडा आहे. तरीही रिव्ह्यूमध्ये असा वाण निवडणाऱ्याला ‘व्यवहार्य आराखडा’ म्हणून गुण मिळतात, आणि अठरा महिने थांबू म्हणणाऱ्याला ‘महत्त्वाकांक्षी’ असा शेरा मिळतो.

घाईत आणखी एक गोष्ट गळते, ती म्हणजे कंट्रोल, निष्कर्ष भलत्याच कारणाने आलेला नाही हे पाहणारी तपासणी. अमायलॉइडवरच्या कामात फार वापरल्या गेलेल्या एका जुन्या वाणाच्या पार्श्वभूमीत डोळ्याचा पडदा झिजवणारे एक जनुक दडलेले असते. दोन्ही पालकांकडून ते आले की पिल्लू काही आठवड्यांतच आंधळे होते. स्मृतीची नेहमीची चाचणी म्हणजे पाण्याचा हौद: पाणी रंग घालून अपारदर्शक केलेले, पृष्ठभागाखाली सुमारे एक सेंटिमीटरवर लपवलेला चौथरा, आणि भिंतीवरच्या खुणा पाहून उंदराने तो शोधायचा. आंधळ्या उंदराला खुणाच दिसत नाहीत. तो गोल गोल पोहत राहतो आणि वहीत नोंद होते: स्मृती बिघडली. यावर उपाय दोन. एक, प्रत्येक उंदराची त्या जनुकासाठी तपासणी. दोन, चौथऱ्यावर झेंडी लावून तो उघड दिसेल अशी वेगळी फेरी, म्हणजे ज्याला दिसते आणि पोहता येते तोच मोजणीत राहतो. दुसऱ्या उपायाला दोनतीन दिवस जादा लागतात. मुदत संपत आली की आधी हेच दिवस कापले जातात.

टाऊचे काम तर याहून नाजूक. टाऊवर किती फॉस्फेट चढले आहेत, हे अल्झायमरच्या प्रयोगांतले सर्वांत जास्त मोजले जाणारे माप असेल. उंदराला भूल दिली की त्याच्या शरीराचे तापमान उतरू लागते. फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स थंडीत मंदावतात, चढवणाऱ्यांपेक्षा जास्त मंदावतात, आणि टाऊ काही मिनिटांतच ‘आजारी’ दिसू लागतो. जनुकाचा संबंध नाही, औषधाचा नाही, केवळ गारठा. म्हणून भूल दिल्यापासून मेंदू काढेपर्यंत उंदीर गरम पॅडवर हवा, गुदद्वारातल्या तापमापकावर ३७ अंशांच्या आसपास आकडा हवा, आणि तो आकडा प्रत्येक उंदरासाठी वहीत हवा. एका गटाचे उंदीर सकाळी सवडीने केले आणि दुसऱ्या गटाचे संध्याकाळी घाईत, पॅड चालू करायचे राहून गेले, तर प्रथिन मोजण्याच्या पट्टीवर उमटणारा फरक डोळ्यांत भरेल इतका ठळक असेल. तो छापलाही जाईल. आपल्यापैकी जे रिव्ह्यू करतात त्यांना कळकळीची विनंती आहे: टाऊचा निष्कर्ष समोर आला की शरीराचे तापमान विचारा.

माणसाच्या मेंदूत हीच अडचण उलट्या दिशेने येते. मृत्यूनंतर फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स काही काळ काम करत राहतात. निरोगी मेंदूतल्या टाऊवर फॉस्फेट जवळजवळ नसतातच अशी समजूत बरीच वर्षे होती. १९९०च्या दशकात शस्त्रक्रियेत काढलेल्या ताज्या ऊतीशी तुलना झाली, तेव्हा दिसले की निरोगी टाऊवरही ते बऱ्यापैकी असतात. शवविच्छेदनापर्यंतच्या तासांत ते गळून गेलेले होते. म्हणून मेंदूपेढीत, म्हणजे दान केलेले मेंदू जपणाऱ्या केंद्रात, मृत्यूपासून नमुना घेण्यापर्यंत किती तास गेले, ऊतीचा सामू किती, आरएनए किती शाबूत, या नोंदींवाचून तो नमुना मुका आहे.

मेंदूपेढीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या गुणपत्रिकेत तिला रकानाच नाही. दात्याने जिवंतपणी, शुद्धीत असताना संमती द्यावी लागते. त्याच्या स्मृतीच्या चाचण्या दरवर्षी व्हाव्या लागतात, नाहीतर मेंदूत सापडलेल्या गाठींचा त्याच्या वागण्याशी मेळ कसा घालणार? मृत्यू वेळ पाहून येत नाही, म्हणून फोन घेणारे माणूस रात्री-अपरात्रीही हजर लागते. साधारण १३०० ग्रॅमचा मेंदू मधोमध कापून एक अर्धा भाग फॉर्मेलिनमध्ये किमान दोनतीन आठवडे ठेवायचा. रसायन आत फार हळू शिरते. घाई केली तर मधला भाग कच्चा राहतो आणि तिथे स्टेनिंग फिके येते. दुसऱ्या अर्ध्याचे सुमारे एक सेंटिमीटरचे काप करून, प्रत्येकाची जागा नोंदवून उणे ८० अंशांत गोठवायचे. पुढे अमायलॉइड पाहायचे तर सेक्शनवर काही मिनिटे तीव्र फॉर्मिक आम्ल घालावे लागते. ती पायरी चुकली तर प्लाक असूनही दिसत नाहीत. मग टाऊचा टप्पा, अमायलॉइडचा टप्पा, प्लाकची घनता, शिवाय लेवी बॉडी आणि टीडीपी-४३ हे इतर प्रथिनांचे साठे, रक्तवाहिन्यांचे घाव. वृद्ध मेंदूत यांतले एकच एक सापडणे दुर्मीळ, मिश्रण हेच नेहमीचे. हे सारे करणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव फार तर पेपरच्या आभारात येते.

अशा धीराच्या कामातून काय मिळते याची उदाहरणे आहेत. १९८६ साली सुरू झालेल्या नन स्टडीत ६७८ जोगिणींनी नियमित चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू दान करण्याचे मान्य केले. काहींच्या मेंदूत गाठी आणि प्लाक भरपूर होते, आणि तरी त्या शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम उतरत होत्या. झीज सोसणारा मेंदू काही वेगळा असतो का, या आजच्या प्रश्नाला तिथे मोठे बळ मिळाले. त्याहून जुने उदाहरण खुद्द अलोइस अल्झायमर यांचे. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या ऑगस्टे डी. या बाईंचा १९०६ मध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे वर्णन मांडले. त्या काचपट्ट्या १९९०च्या दशकात म्युनिकमध्ये पुन्हा सापडल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्लाक आणि गाठी तशाच स्वच्छ दिसल्या. नमुना नीट जपला तर नव्वद वर्षांनीही त्याला प्रश्न विचारता येतो.

उलट, साधी नळी सगळा निष्कर्ष फिरवू शकते. अमायलॉइड बीटा ४२ चिकट असते, प्लास्टिकला चिकटून बसते. पाठीतून काढलेले पाणी पॉलिस्टायरिनच्या नळीत घेतले, किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असल्या तरी तीनचार नळ्यांतून फिरवले, किंवा मोठ्या नळीत थोडेच ठेवले, की मोजमापात हा आकडा घटतो. आणि पाण्यातले ४२ घटणे हीच तर अल्झायमरची खूण. म्हणजे नळीमुळे निरोगी माणूस आजारी ठरू शकतो. उपाय माहीत आहे: कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत थेट घ्या, सगळ्यांचे प्रमाण सारखे ठेवा, हलवाहलव टाळा, आणि नुसते ४२ न पाहता ४२ आणि त्याचे जरा आखूड भावंड ४० यांचे गुणोत्तर पाहा, कारण दोन्ही चिकटत असल्याने गुणोत्तर बरेच टिकून राहते. अशी शिस्त सगळ्या केंद्रांवर आणायला वर्ष-दोन वर्षे नुसती जुळवाजुळव लागते, आणि तिला कोणी ‘नावीन्य’ म्हणत नाही.

प्रतिपिंडांचे, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणाऱ्या रेणूंचेही तसेच. ६ई१० या प्रतिपिंडाचे नाव आपण शेकडो प्रपोजलांत वाचले असेल. ते अमायलॉइड बीटाला ओळखते, तसेच ज्या मोठ्या प्रथिनातून ते कापले जाते त्यालाही ओळखते. चेतापेशीच्या आत चमक दिसली म्हणून ‘पेशीत अमायलॉइड साठले’ असा निष्कर्ष निघाला आणि त्यावर बराच वाद झाला. कापलेले टोकच ओळखणारे दुसरे प्रतिपिंड आणि मूळ प्रथिनाचे जनुक काढलेल्या उंदराची ऊती, ही दोन कंट्रोल आधीच असती तर त्यातला बराच काळ वाचला असता. मोजणीतल्या एका दुखण्याचाही इथेच उल्लेख करतो: पाच उंदीर, प्रत्येकाचे बारा सेक्शन, आणि आलेखाखाली लिहिलेले असते नमुने ६०. नमुने पाचच आहेत.

२००६ साली ‘नेचर’मध्ये आलेला एक शोधनिबंध आपल्याला आठवत असेल. अमायलॉइड बीटाचा एक ठरावीक गुच्छच स्मृती बिघडवतो असे त्यात म्हटले होते, आणि त्याचे हजारो संदर्भ दिले गेले. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांबद्दल उघड शंका घेतली गेली, २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. मधली १६ वर्षे ज्यांच्या हाती तो गुच्छ लागत नव्हता, त्यांनी काय करायचे होते? ‘आम्हाला सापडले नाही’ एवढ्यावर पेपर होत नाही, पीएचडी होत नाही, नेमणूक तर नाहीच. त्या प्रकरणावरून अमायलॉइडचा सारा विचारच खोटा ठरवणे मात्र चूक आहे. १९९१ मध्ये सापडलेले मूळ प्रथिनाच्या जनुकातले उत्परिवर्तन, ते जनुक ज्यावर असते त्या एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असलेल्या डाउन सिंड्रोमच्या व्यक्तींत लवकर येणारा अल्झायमर, २०१२ मध्ये आइसलँडमध्ये आढळलेला, आजारापासून वाचवणारा त्याच जनुकातला बदल, हा पुरावा स्वतंत्र उभा आहे. दोष पडताळणीला पैसा नसण्यात आहे.

आणि धीराचे फळ? अमायलॉइड बीटाच्या मधल्या भागातले, आर्क्टिक नावाने ओळखले जाणारे उत्परिवर्तन २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यातून अर्धवट जुळलेल्या धाग्यांची कल्पना आली, त्या धाग्यांना पकडणारे प्रतिपिंड आले, आणि त्याचेच पुढचे रूप असलेल्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली २०२३ मध्ये. बावीस वर्षे, म्हणजे तीन वर्षांची सात अनुदाने आणि वर एक वर्ष. त्याचा लाभ फुगवून सांगण्यात अर्थ नाही: १७९५ जणांच्या १८ महिन्यांच्या चाचणीत १८ गुणांच्या मापावर फरक ०.४५ गुणांचा होता, औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्क्यांच्या स्कॅनवर मेंदूत सूज दिसली, आणि एपीओई४ या अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकप्रकाराच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांना तो धोका जास्त. पण आजाराच्या मुळाशी असलेले काहीतरी काढले की घसरण थोडी मंदावते, एवढे त्यातून कळले. हे कळायला मधल्या टप्प्यांवर कोणीतरी ‘अजून काही निघाले नाही’ असे सांगूनही नोकरीत टिकले असले पाहिजे.

आता माणसांबद्दल. पीएचडीचा विद्यार्थी पहिल्या वर्षी संकर सुरू करतो, तिसऱ्या वर्षी मोजणीला बसतो, आणि त्याच सुमारास त्याची शिष्यवृत्ती संपते. पोस्टडॉकचा (पीएचडीनंतरच्या संशोधकाचा) करार दोन वर्षांचा, उंदराचे वय अठरा महिने. जो हुशार आहे तो हे गणित लवकर ओळखतो आणि पेशींच्या थाळीत तीन महिन्यांत उत्तर देणाऱ्या प्रश्नाकडे वळतो. त्याचे चुकत नाही, त्याला घर चालवायचे असते. एखादी संशोधक बाळंतपणाच्या रजेवर गेली तर उंदरांचे वय थांबत नाही. त्या सहा महिन्यांत वसाहत सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद अनुदानात नसेल, तर परत आल्यावर तिला पहिल्या संकरापासून सुरुवात करावी लागते.

आमचे मागणे यातूनच निघते. वार्धक्य लागणाऱ्या प्रकल्पांना सात वर्षे द्या. पहिल्या दोन वर्षांच्या अखेरीला पेपर मोजू नका, तयारी तपासा: जनुकतपासणीच्या नोंदी, नमुनासंख्येचे गणित, मोजणाऱ्याला गट कळू नये म्हणून केलेली सांकेतिक क्रमांकांची यादी कोणाच्या ताब्यात आहे, प्रतिपिंडांची पडताळणी झाली का. ही तयारी नसेल तर खुशाल पैसा थांबवा. प्रत्येक लॅबने आपले उंदीर वेगळे म्हातारे करण्यापेक्षा सामाईक वृद्ध वसाहती पोसा, म्हणजे बारा महिन्यांचा उंदीर मागितल्यावर बारा महिने थांबावे लागणार नाही. मुख्य निष्कर्ष दुसऱ्या लॅबने करून पाहण्यासाठी मूळ अनुदानातच रक्कम बाजूला ठेवा, आणि उत्तर नकारार्थी आले तरी ते छापण्याची अट घाला. नेमणुकीच्या अर्जात जपलेले नमुने, खुला केलेला विदा आणि दुसऱ्यांनी वापरलेली कार्यपद्धती यांना पेपरच्या शेजारी जागा द्या. मेंदूपेढीतल्या तंत्रज्ञाला कायम नोकरी द्या. त्याच्या फ्रीझरला अलार्म, राखीव फ्रीझर आणि पर्यायी वीज द्या. कॉम्प्रेसर शनिवारी रात्री बंद पडला तर सोमवारी सकाळी वितळलेल्या ऊतीतला आरएनए परत येत नाही, आणि दातेही परत येत नाहीत.

पुढच्या फेरीचा अर्ज आपण लवकरच तयार कराल. त्यातल्या तक्त्याच्या वर एक प्रश्न छापा: प्रयोगाच्या दिवशी उंदरांचे वय किती असेल, आणि ते वय होईपर्यंत त्यांना सांभाळणाऱ्याचा पगार कोणत्या रकमेतून जाईल?

कळावे,
आपले,
मज्जाऱ्हासावर काम करणारे संशोधक आणि तंत्रज्ञ